आधी जीन, मग मालबेक

अर्जेंटिनात मेंडोसाच्या उको खोऱ्यात घोड्यावरून द्राक्षबागा फिरायला निघालेल्या प्रत्येकाला मला एकच सांगावंसं वाटतं: सकाळी घोड्यावर जीन चढत असतं तेव्हा कॉफीचा कप घेऊन लांब बसू नका. जवळ जा, बघा, विचारा. पुढचे चार-पाच तास सुखाचे जाणार की मांड्या सोलवटून निघणार, हे त्या पंधरा मिनिटांत ठरतं. त्या सगळ्या प्रवासात मनाला सर्वांत भिडलेली गोष्टही तीच, तिथली मालबेक द्राक्षांची लाल वाइन नव्हे.

तिथलं पारंपरिक जीन म्हणजे रेकादो. आपण चित्रात बघतो तसं ते एकसंध खोगीर नसतं, एकेक थर रचून रोज नव्यानं बांधलं जातं. सगळ्यांत खाली घाम टिपणारी जाड घडी. तिच्यावर विणलेली लोकरीची घोंगडी. त्यावर चामड्याचा सपाट तुकडा, आणि त्याच्यावर कण्याच्या दोन बाजूंना बसणारे दोन लांबट, भरीव लोड. स्वाराचं वजन या दोन लोडांवर पडतं, मधला कणा मोकळा राहतो. मग तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा. तंगावर लोकरीसकट मेंढीचं कातडं, आणि ते जागेवर राहावं म्हणून वरून आणखी एक पट्टा.

घोंगडी ठेवायचीही एक रीत आहे. आधी ती जरा पुढे, मानेकडे टाकतात आणि मग मागे ओढतात, म्हणजे खालचे केस वाढीच्या दिशेनं सपाट बसतात. पुढून मागे ओढताना ती जास्त मागे गेली तर परत पुढे सरकवत नाहीत. उचलून पहिल्यापासून ठेवतात. कारण उलटे फिरलेले केस आणि घामाचं मीठ दोन तासांत पाठ सोलतात. खांद्याच्या उंचवट्यावर बोटं घालून कापड थोडं वर उचलतात, तिथं हवा खेळायला हवी. एक सुरकुती राहिली तरी संध्याकाळी तिथं सूज दिसते, आणि तो घोडा पुढचे कित्येक दिवस कामातून जातो. वाटाड्या, ज्याला तिथं बाकेआनो म्हणतात, तळहातानं सगळी पाठ चाचपत होता आणि तोंडानं घोड्याशी हळू काहीतरी बोलत होता. एवढी काळजी मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

तंगाला बक्कल नसतं. चामड्याची लांब वादी दोन कड्यांतून दोन-तीनदा फिरवून आवळतात आणि गाठ मारतात, त्यामुळे हवा तेवढाच ताण देता येतो. पण एका दमात आवळायचा नाही. तंग बसताना घोडा पोट फुगवतो. नंतर श्वास सोडला की वादी सैल पडते आणि चढताना अख्खं जीन स्वारासकट पोटाखाली फिरतं. म्हणून आधी बेतानं आवळायचं, घोडा पंधरा-वीस पावलं चालवायचा, पुन्हा आवळायचं, आणि दहा मिनिटं चालल्यावर उतरून तिसऱ्यांदा बघायचं. तंगाखाली दोन बोटं सपाट जायला हवीत, मूठ नको. ही तिसरी तपासणी घाईत विसरली जाते. आपण स्वतः आठवण करून द्यावी, कुणाला राग येत नाही.

रिकीब म्हणजे पाय ठेवायची कडी. तिची लांबी मोजायला बोटांची टोकं वरच्या कड्यापाशी टेकवून हात ताठ धरायचा. रिकीब काखेत आली की लांबी साधारण बरोबर. गुडघे दुखतात त्याचं कारण बहुतेक वेळा आखूड रिकीब असतं, वय नव्हे. बूट असे हवेत की टाच थोडी उंच आहे आणि तळ फार जाड नाही. सपाट कॅनव्हासचा बूट रिकिबीतून आरपार घुसतो, ट्रेकिंगचा जाडजूड बूट तिच्यात अडकतो. पडल्यावर पाय अडकून फरफटणं हा या खेळातला खरा धोका. बाकेआनो लोकरी टोपी घालतात, त्यामुळे हेल्मेट आपणहून कुणी देईलच असं नाही. नोंदणी करतानाच मागावं, नाहीतर घरून न्यावं.

माथेरानला घोडेवाला लगाम धरून बरोबर चालतो. इथं घोडा पूर्णपणे आपल्या हातात. दोन्ही लगाम डाव्या मुठीत, उजवा हात मोकळा. उजवीकडे वळायचं तर मूठ उजवीकडे न्यायची, डावा लगाम मानेला टेकतो आणि घोडा वळतो. तोंड ओढायचं नाही. ओढलं की तो मान वर करतो आणि पायाखालचं बघणं सोडतो. हे क्रियोजो जातीचे घोडे ठेंगणे, खांद्यापाशी जेमतेम 140 ते 150 सेंटिमीटर, पण चिवटपणा विलक्षण. मांचा आणि गातो नावाचे असे दोन घोडे घेऊन एमे चिफेली नावाचा स्विस शिक्षक 1925 मध्ये ब्यूनस आयर्सहून निघाला आणि 1928 मध्ये अमेरिकेला पोचला.

जाहिरातीतल्या फोटोंत स्वार वेलींच्या दोन ओळींमधून जाताना दिसतात. प्रत्यक्षात ते व्हायला नको. तारेवर उभ्या वाढवलेल्या बागेत रिकीब तारेत अडकते, ओळीच्या टोकाला जमिनीत तिरके ताण दिलेले असतात ते घोड्याच्या पायांत येतात, आणि घोडा घड खातो ते वेगळंच. जुन्या मांडव पद्धतीच्या बागेत तर डोकंच तारेला लागेल. म्हणून रपेट बागांमधल्या रुंद वाटांवरून आणि पाटांच्या कडेनं होते, आणि तीच जास्त सुंदर आहे.

हे पाट, असेकिया, म्हणजे मेंडोसाचा प्राण. पाऊस वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास, सगळी मदार अँडीजच्या बर्फावर. वार्पे लोकांनी स्पॅनिश येण्याआधीच इथं पाट काढले होते. 1884 च्या कायद्यानं पाण्याचा हक्क जमिनीला बांधला. आजही पाळीनं पाणी सुटतं आणि ते सोडायला पाटकरी असतो. धुळे-नाशिकची फड पद्धत माहीत असलेल्या माणसाला इथं काही समजावून सांगावं लागत नाही. स्वारासाठी मात्र पाट म्हणजे परीक्षा. वाहतं पाणी घोडा शांतपणे ओलांडतो, पण कोरडा, काळोखा चर दिसला की थबकतो आणि अचानक उडी मारतो. अशा वेळी लगाम सैल सोडायचा, आयाळ घट्ट धरायची, कंबरेतून किंचित पुढे झुकायचं. मागे ओढलं तर तो चरातच उतरतो.

आता माझी खरी तक्रार. अनेक ठिकाणी अकरा वाजता वाइन चाखायला बसवतात, जेवणाबरोबर आणखी ओततात आणि तीन वाजता पुन्हा घोड्यावर चढवतात. हे चुकीचं आहे. मालबेकमध्ये चौदा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, खोरं हजार मीटरच्या वर, हवा कोरडी, ऊन तीव्र. आधी बिघडतो तो तोल आणि हाताचा हलकेपणा, आणि त्याचा भुर्दंड घोड्याच्या तोंडाला बसतो. सकाळी रपेट आणि जीन उतरल्यावर वाइन, असा क्रम मागून घ्यावा. द्यायला कुणाची हरकत नसते, फक्त मागावं लागतं.

मेंडोसा शहर, चौक, झाडांची दाट सावली, सगळं छान होतं. शाकाहाऱ्यांचे हाल मात्र होतात. भाजलेलं चीज आणि मक्याच्या सारणाच्या एम्पानादा, म्हणजे तिथल्या करंज्या, यांवर दिवस काढायची तयारी ठेवावी.

मार्चमध्ये तोडणी चालू असते, दिवस उबदार, पहाट गार. मालबेकच्या बागांवर पसरलेल्या काळ्या जाळ्या बघून नाशिककर लगेच ओळखेल: गारपीट. छाटणी मात्र वर्षातून एकदाच, कारण तिथं वेल हिवाळ्यात खरोखर झोपते. आपल्यासारखी एप्रिल आणि ऑक्टोबर अशी दोनदा करावी लागत नाही. मे ते नोव्हेंबरमध्ये झोंडा नावाचा गरम, कोरडा वारा डोंगरावरून उतरतो. त्या दिवशी घोडे बिथरतात, डोळ्यांत धूळ जाते. वाटाड्या नको म्हणाला तर हट्ट धरू नये.

ज्यांना बागांच्या पलीकडे जायचंय, त्यांनी मांझानो इस्तोरिको गावाहून पोर्तियो खिंडीकडची वाट विचारावी. 1835 च्या मार्चमध्ये चार्ल्स डार्विन चिलीहून ही खिंड ओलांडून इकडे उतरला होता. खिंड चार हजार मीटरच्या वर आहे आणि तिथल्या उन्हाळ्यातच खुली असते. उतारावर पाय पुढे फेकून मागे रेलू नये, सरळ बसावं. आणि रोज मुक्कामाआधीचा अर्धा तास तंग जरा सैल करून पायी चालावं. आपले गुडघे सुटतात, आणि घोड्याच्या पाठीत रक्त हळूहळू परत येतं. ओझं एकदम काढलं तर दाबाच्या जागी सूज येते.