स्ट्रोकनंतरचा दुसरा-तिसरा दिवस

पॅरालिसिसचा झटका आला, पेशंट आयसीयूत गेला आणि पहिली रात्र नीट पार पडली की घरचे म्हणतात चला, मोठं संकट टळलं. माझ्या मोठ्या दिरांच्या वेळी आम्ही सगळे हेच म्हणत होतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपासून त्यांची झोप वाढायला लागली. दमलेत, झोपू दे असंच कुणालाही वाटेल, पण सिस्टरने टॉर्च मारून डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या आणि लगेच डॉक्टरांना फोन लावला.

मोठी रक्तवाहिनी बंद पडली की मेंदूचा तेवढा भाग मरतो आणि मग सुजतो, ही सूज साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सगळ्यात जास्त असते. कवटी हाडाची, ती काही ताणत नाही, त्यामुळे आतलं प्रेशर वाढतं आणि चांगला मेंदूही दाबला जातो. प्रेशर मोजायची नळी प्रत्येकाला घालत नाहीत, म्हणून झोप वाढणं, उलटी, एक बाहुली मोठी होणं याकडेच लक्ष ठेवायचं असतं.

आधी साधे उपाय करतात, डोक्याची बाजू 30 अंश वर, मान सरळ (प्रेमाने जास्तीची उशी सरकवू नका, मान वाकली की डोक्यातलं रक्त खाली उतरायला अडथळा येतो), ताप चढू द्यायचा नाही. मग सूज उतरवायला शिरेतून मॅनिटॉल नाहीतर 3 टक्के सलाईन (नेहमीपेक्षा जास्त मिठाचं). मॅनिटॉलची बाटली लावण्याआधी सिस्टर ती उजेडात धरून बघायच्या, कारण गारठ्यात त्यात खडे धरतात, खडे दिसले तर बाटली कोमट करून ते विरघळवावे लागतात. ते औषध मेंदूतलं पाणी ओढतं, लघवीची पिशवी भराभर भरते, म्हणून सोडियम आणि किडनीचे रिपोर्ट सारखे काढतात. स्टेरॉइड का देत नाही असं आम्हीही विचारलं होतं, मेंदूतल्या ट्यूमरच्या सुजेवर ते चालतं, स्ट्रोकच्या सुजेवर त्याचा फायदा नाही.

पण हे सगळं वेळ मिळवण्यासाठी असतं. सूज फारच असेल तर कवटीचा निदान 12 सेंटीमीटरचा तुकडा काढून मेंदूला जागा करून देतात. फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या अभ्यासांचे आकडे 2007 साली एकत्र मांडले गेले, पेशंट 60 वर्षांपर्यंतचे आणि उपचार 48 तासांच्या आत सुरू केलेले, त्यात वर्षानंतर ऑपरेशन झालेल्यांपैकी 78 टक्के जिवंत होते आणि न झालेल्यांपैकी 29 टक्के. एवढा मोठा फरक आहे हो! मात्र मेलेला भाग परत येत नाही, वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांना पुढे कुणाची तरी मदत लागते, आणि साठीच्या पुढे तर जीव वाचला तरी रोजच्या बहुतेक गोष्टींसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहायची शक्यता खूपच जास्त.

दीर साठीच्या आतले, जाऊबाईंनी सही केली. काढलेलं हाड पोटाच्या कातडीखाली ठेवलं होतं आणि बँडेजवर पेनने मोठ्या अक्षरात 'या बाजूला हाड नाही' असं लिहिलेलं, कूस बदलताना कुणी तिकडे दाब देऊ नये म्हणून. हाड पुढे काही महिन्यांनी बसवलं. डावा हात अजून लुळाच आहे, काठी घेऊन चालतात.

म्हणून कळकळीने सांगते, मोठा स्ट्रोक आहे असं कळलं की पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, सूज किती येऊ शकते, ऑपरेशनची वेळ आली तर न्यूरोसर्जन इथे आहे का की हलवावं लागेल, आणि घरात कुणाचा शब्द शेवटचा हेही तेव्हाच ठरवा, रात्री दोनला कॉरिडॉरमध्ये फॉर्म हातात आल्यावर नको.