खाडा

दर जून-जुलैत खानावळीत नवी मुलं-मुली येतात. पहिले आठ-पंधरा दिवस मान खाली घालून जेवतात. मग एखाद्या रात्री गर्दी ओसरली की ताट ठेवता ठेवता कुणीतरी विचारतं, “काकू, तुम्ही पण बीडकडच्या ना? तुम्हाला पुण्यात करमायला किती दिवस लागले?” गेल्या आठवड्यात नंदुरबारमधल्या धडगावकडच्या एका मुलीने विचारलं. माझ्या हातात पिठाची परात होती, “होतं गं सवयीनं” एवढंच बोलले आणि आत गेले. नंतर रात्रभर ते मनाला लागून राहिलं. सवयीनं होत नाही हे मला माहीत आहे. तुम्ही मुलं खरंच विचारता, तर एकदा खरं ते सांगायला पाहिजे.

मला अडीच वर्षं लागली.

१९९४ची दिवाळी करून आम्ही केज तालुक्यातून निघालो. दोन एकर कोरडवाहू, त्यात तीन भाऊ. मिस्टरांना नारायण पेठेत एका प्रेसमध्ये बाइंडिंगचं काम मिळालं होतं. नवी पेठेतल्या वाड्यात दहा बाय दहाची खोली, संडास-नळ सामाईक. उन्हाळ्यात हंड्याभर पाण्यासाठी अर्धा कोस चालणारी मी, पहिल्या दिवशी नळ सोडून नुसती बघत उभी राहिले होते. पाण्याचं सुख मिळालं, पण दार लावून घ्यायची सवय काही लागेना. गावात दार लावलं की कुणी मेलं का काय असं विचारतात. इथं दार उघडं ठेवलं तर शेजारच्या बाईने येऊन सांगितलं, “लावून घ्या हो, मांजर शिरेल.”

रुळायचं म्हणजे बोलणं बदलायचं, असं कुणी न सांगताच माझ्या डोक्यात बसलं होतं. मी “स्वयंपाक करायलेय” म्हटलं की समोरची बाई क्षणभर थांबायची. वाईट काही बोलायची नाही, फक्त थांबायची. ते थांबणं टोचायचं. मग मी “करतेय” म्हणायला लागले. बेसनाला पिठलं म्हणायला लागले, भाकरीतली ती शेवटची ‘री’ सांभाळून उच्चारायला लागले. वर्षभरात माझी जीभ अशी बदलली की माहेरी गेल्यावर आई म्हणाली, “कशी बोलायलीस गं, पाव्हण्यावानी.” माझ्या लेकीला ‘मपलं-तुपलं’, म्हणजे माझं-तुझं, आज ऐकूनच माहीत आहे, तिच्या तोंडात ते नाही. याचं मला फार वाईट वाटतं. बोलणं बदलून मला पुण्यात एकही माणूस मिळालं नव्हतं, एवढं मी खात्रीने सांगते. म्हणून तुम्ही फोनवर घरी बोलताना मला बघून आवाज बारीक करता ना, ते करू नका. खुशाल बोला.

माणूस मिळालं ते १९९६च्या श्रावणात. मिस्टर वाटणीच्या कामाला गावी गेले होते आणि मला तापाने धरलं. दोन दिवस उठले नाही. कुणाला हाक मारावी असं नातं कुणाशी नव्हतं, आणि फोन करायचा तर कोपऱ्यावरच्या बूथपर्यंत चालवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. वरच्या मजल्यावरच्या आजी. दोन वर्षांत आमचं बोलणं “पाणी आलं का”, “गेलं का” एवढंच. त्या म्हणाल्या, “अगं, दोन दिवस तुझ्या स्टोव्हचा आवाज नाही आला.”

माझा पंपाचा स्टोव्ह होता. सकाळी सहाला वीस-पंचवीस पंप मारायचे, काकडा पेटवायचा, मग तो भर्रकन पेटायचा आणि फरफर आवाज करत राहायचा. त्या आवाजाची मला लाज वाटायची, वाड्याची झोपमोड होते म्हणून. आणि वर आजी रोज त्याच आवाजाने उठत होत्या. त्यांचा तो गजर होता. दोन दिवस तो वाजला नाही, तर त्या गुडघे धरून जिना उतरून आल्या.

त्यांनी नातवाला डॉक्टरकडे पिटाळलं आणि मऊ भात आणला, त्यावर तूप आणि पिवळं काहीतरी. ते मेतकूट, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी अंथरुणात मी खूप रडले. गाव सोडल्यापासून पहिल्यांदाच कुणाला तरी माझं नसणं कळलं होतं.

आजीही त्या वाड्यात भाडेकरूच, पण जुन्या. त्यांचं मूळ घर नदीकडच्या बाजूला होतं. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, खडकवासला फुटलं, त्यात ते गेलं. अंगावरच्या कपड्यानिशी निघाल्या होत्या. त्या सांगायच्या, पाणी ओसरल्यावर जो तो चिखलात उभा राहून एकच विचारत होता, अमका दिसला का, तमकी दिसली का. “तेव्हापासून बाई मला सवयच लागली, कोण दिसत नाहीये ते बघायची.” आणि त्यांचे सासरचे पूर्वज पेशव्यांच्या मागून कोकणातून आलेले. “आम्हीही कुठून तरी आलोच की गं,” असं त्या म्हणायच्या, तेव्हा मला आत कुठेतरी मोकळं वाटायचं.

त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी घरी ‘मंगळवारचा मुलगा’ असायचा. गरीब विद्यार्थी सात घरी सात वार लावून जेवायचे, तो यांच्याकडे मंगळवारी यायचा. एखाद्या मंगळवारी आला नाही तर त्याच्या खोलीवर माणूस पाठवायचे. ही पद्धत ऐकायला गोड वाटते, पण ती बहुतेक ब्राह्मणांच्या मुलांपुरती होती. माझ्यासारख्यांच्या आज्या-पणज्यांच्या पोरांना त्या पंगतीत पाट नव्हता, हे आजींनीही कबूल केलं होतं. पुढे बाकीच्यांसाठी दारं उघडली ती माणसांनी कष्टाने उघडली. अच्युतराव आपट्यांनी १९५५ला विद्यार्थी सहायक समिती काढली, खेड्यातली मुलं तिथं राहून शिकायला लागली. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९७४ला ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, ओझी वाहणाऱ्या माणसाला स्वस्तात पोटभर मिळावं म्हणून. गावाहून आलेल्या माणसाला पुण्यात पहिला आधार बहुतेक वेळा जेवणाच्या ताटाशीच मिळालेला आहे. मला तरी नवल वाटत नाही.

माझी खानावळ १९९७ला सुरू झाली ती आमच्याच तालुक्यातल्या एका मुलाला कावीळ झाली म्हणून. त्याला महिनाभर बिनतेलाचं करून घातलं. तो बरा झाला आणि जाताना चार मित्र ठेवून गेला. चारचे दहा, दहाचे साठ झाले. शास्त्री रस्त्याच्या दोन्ही अंगांना स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका वाढत गेल्या तसे मेंबर वाढले, आणि वाडा पाडून इमारत झाली तेव्हा तळमजल्यावर भाड्याने गाळा घेतला.

आता खाड्याबद्दल. ज्याला जेवायला यायचं नाही त्याने सकाळी नऊच्या आत सांगायचं, मी वहीत त्याच्या नावापुढे फुली मारते, महिन्याच्या हिशेबात तेवढे पैसे वजा होतात. सगळ्या मेसमध्ये असंच असतं. पण माझ्या वहीत दुसरीही एक खूण आहे, गोल. जो न सांगता आला नाही त्याच्या नावापुढे गोल. लागोपाठ दोन वेळा गोल आला की मी त्याच्या मित्राला विचारते, तीन झाले की खोलीवर जाते. आजींच्या स्टोव्हच्या आवाजावरून मी हे शिकले.

त्या गोलांनी काय काय बघितलं. कुणी डेंगीने आडवा झालेला, कुणाचे वडील गेलेले आणि तो रात्रीच्या गाडीने निघून गेलेला. एकाचा मुख्य परीक्षेचा निकाल लागला होता, तीन मार्कांनी गेला होता. चार वेळा गोल. मी गेले तेव्हा दुपारी दोनला खोलीत अंधार, खिडकीला चादर लावलेली. बरोबरची दोघं निकालानंतर गावी गेलेली. तीन दिवसांत हा कुणाशीच बोलला नव्हता. घरी फोन केला नव्हता, “काय सांगू” म्हणाला. मी काही समजावलं नाही. मला समजावता येतही नाही. डब्यातून भाकर, बेसन, ठेचा नेला होता, तो काढला आणि बसून राहिले. त्याने अर्धी भाकर खाल्ली. मग एकदम म्हणाला, “काकू, माझे खाडे धरले का?” मी म्हटलं, “न सांगता केलेला खाडा मी कापत नाही. संध्याकाळी ये, पैसे वसूल कर.” संध्याकाळी आला. पुढची दोन वर्षं येत होता. आता तो कुठे, काय करतो हे मी इथं लिहिणार नाही, त्याचं त्याच्याकडे. जिवंत आहे, दर दिवाळीला फोन करतो.

आणि खाडा मेंबरांचाच असतो असं नाही. माझ्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशी दांडेकर पुलाजवळ राहायच्या. २७ सप्टेंबर २०१८ला सकाळी त्या वस्तीजवळ मुठा कालव्याची भिंत फुटली. मावशी दुपारपर्यंत आल्या नाहीत. साठ माणसांच्या पोळ्या खोळंबल्या, आणि तीच मुलं, जी एरवी ताटावरून नजर उचलत नाहीत, “मावशी कुठायत” म्हणत उठली. सात-आठ जण शोधायला गेली. मावशी रस्त्याच्या कडेला एका पोत्यावर बसल्या होत्या, मांडीवर कोंबडी. भांडी गेली, धान्य गेलं, पण त्या रडत होत्या कागदांसाठी. रेशनकार्ड, लाइट बिल, पोरीचा शाळेचा दाखला, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत खुंटीला होतं, ती खुंटी भिंतीसकट गेली. तीस वर्षं पुण्यात राबून त्यांचं पुण्यातलं असणं त्या पिशवीत होतं. पुढचे काही महिने मी त्यांच्याबरोबर कचेऱ्यांत फिरले, “ह्या इथल्याच आहेत, मी ओळखते” असं दहा ठिकाणी सही करून सांगितलं. पोळीवाल्या मावशी माझ्या शब्दावर पुणेकर ठरल्या आणि मी? माझ्या सहीला कुणी हरकत घेतली नाही, हे मला घरी आल्यावर सुचलं.

मला जास्त काळजी वाटते ती बांधकामाच्या साइटवर पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांची. बिहार, बंगाल, छत्तीसगडहून येतात, इमारत झाली की पुढच्या साइटवर. १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने प्रत्येकाची नोंद ठेवावी, फोटो लावलेलं पासबुक द्यावं असं लिहिलेलं होतं. म्हणजे माझ्यासारखीच वही. मार्च २०२०ला सगळं बंद झालं आणि माणसं डोक्यावर बोचकं घेऊन हायवेने चालायला लागली, तेव्हा त्या वह्या कुठे होत्या हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. माझ्याकडे अडकलेल्या नऊ मुलींना मी जेवू घातलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

तुम्ही विचारता, काय केलं म्हणजे करमेल. मी म्हणेन, रोज त्याच वेळी त्याच टपरीवर चहा घ्या, अभ्यासिकेत त्याच खुर्चीवर बसा, शेजारच्याला नाव विचारा. मंडईत भाजी घ्यायची तर एकाच बाईकडून घ्या, दोन रुपये जास्त गेले तरी चालतील. तुमची सवय आधी दुसऱ्याला लागली पाहिजे. आणि खोलीत बरोबर राहतो त्याच्या घरचा फोन नंबर तुमच्याकडे असू द्या. वह्यांचे गठ्ठे असतात तुमच्याकडे, हा एक नंबर नसतो.

आम्ही राहायला आल्यावर पहिली दोन वर्षं गणपतीची वर्गणी मागायला पोरं आमच्या खोलीपाशी थांबायची नाहीत, पुढे जायची. तिसऱ्या वर्षी, त्या श्रावणातल्या तापानंतर, थांबली. अकरा रुपये दिले. ती पावती देव्हाऱ्यात ठेवलेली आहे, शाई उडाली आहे तरी.

धडगावच्या त्या मुलीच्या नावापुढे काल रात्री गोल होता, आज सकाळी गोल आहे. लोकमान्यनगरकडे कुठल्या तरी हॉस्टेलवर राहते म्हणे, खोली नंबर तिच्या मैत्रिणीला माहीत आहे. दुपारचे डबे भरून झाले की मैत्रिणीला घेऊन जाऊन येते. वरण-भात बांधून घेतलाय, भाकर वेगळी घेतली आहे.