हाड मोडलं नव्हतं, तरी आजी तीन तास फरशीवर

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी फोन आला, मॅडम आई पडली, एक्सरे काढलाय, काय मोडलेलं नाही, तेवढं येऊन बघून जावा की. मी १४ वर्षं बेळगावात फिजिओथेरपी करते, निम्मं काम लोकांच्या घरी जाऊन, स्कूटरवरून, आणि "पडली पण मोडलं नाही" म्हटलं की घरचे निर्धास्त होतात, मला मात्र तिथंच धाकधूक सुरू होते. गावाचं नाव सांगत नाही, अंगणातून राजहंसगड दिसतो एवढंच.

आजी ७८ वर्षांच्या. पहाटे चारला बाथरूमला जायला उठल्या, चक्कर आली आणि कॉटच्या कडेनं घसरत खाली बसल्या. सातला सून चहा घेऊन आली तेव्हा तिथंच. दार लावलेलं, मुलगा-सून माडीवर, हाका कुणाला ऐकू गेल्या नाहीत. हाताला लागली ती चादर ओढून अंगावर घेतली होती म्हणे. मी गेले तर दोन्ही कोपरांची सालं निघालेली, फरशीवर कोपर टेकून टेकून उठायला बघितल्यामुळं, आणि ती कोपरं बघूनच मला कळलं की बाईंनी किती वेळा प्रयत्न केला असेल. मला म्हणाल्या, "हाडं शाबूत हाईत म्हणतोय डॉक्टर, मग मला उठायला का येईना गं पोरी?"

हा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

आधी आडवं झोपवून बीपी घेतलं, १४८. मग उभं करून एका मिनिटानं घेतलं, ११८. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० नं उतरला तरी पडायचा धोका धरतात, इथं ३० नं उतरलेला. बीपीची गोळी चालू आहे, दर महिन्याला तपासणी होते, पण सगळीकडं खुर्चीवर बसवून बघायचं आणि पुढच्या पेशंटला हाक मारायची! उभं करून बघायची तीन मिनिटं कुणाला नसतात, याचा मला मनापासून राग येतो. त्यात रात्री उठायला लागू नये म्हणून आजी संध्याकाळी पाचनंतर पाणीच पीत नव्हत्या. मी आकडे लिहून मुलाला डॉक्टरांकडं पाठवलं, त्यांनी गोळी बदलून दिली. पाणी दिवसभरात पुरेसं प्यायचं आणि कॉटवरून उठताना आधी दोन मिनिटं पाय खाली सोडून बसायचं, पंजे हलवायचे, मग उभं राहायचं, हे मी ठरवून दिलं.

पण चक्कर हे पडण्याचं कारण झालं, न उठण्याचं नाही. हात छातीवर बांधून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते मोजलं. या वयाच्या बाईला १० तरी जमायला हवेत, आजींना ४ जमले. साठीपर्यंत चिखलात वाकून भाताची रोपं लावलेली बाई ही.

सुनेला विचारलं, खाली कधी बसतात? ती म्हणाली, "नाही मॅडम, दोन वर्षं झाली, तुम्हीच सांगितलाय की." आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद दाखवला. माझंच अक्षर. "खाली बसू नये. मांडी घालू नये. कमोड वापरावा." तेव्हा गुडघा सुजला होता, त्या सहा आठवड्यांपुरतं ते बरोबरच होतं. पण कधीपर्यंत, ते मी लिहिलंच नव्हतं. घरच्यांनी ते वेदवाक्य मानलं. देवपूजा टेबलावर, जेवण टेबलावर, भाजी चिरायला पण उंच स्टूल, विळी माळ्यावर. दोन वर्षं त्या बाईचा जमिनीशी संबंधच तोडला आम्ही सगळ्यांनी मिळून. सुनेनं हयगय केली असती, कधी विसरून सासूला खाली बसू दिलं असतं तर बरं झालं असतं असं आज वाटतंय. तिनं जिवापाड सांभाळलं, आणि खाली बसणं-उठणं हा रोज चारदा होणारा व्यायाम घरातनं गेला.

लोकांना वाटतं हाड मोडलं नाही म्हणजे सुटलो. तासन् तास एका कुशीवर कडक फरशीवर पडून राहिलं तर दाबाखालचे स्नायू खराब होतात, त्याचा भार किडनीवर येतो, कातडीला जखमा होतात. आजींचं तीन तासांवर निभावलं.

मग उठायचं शिकवलं. ते उलट्या बाजूनं शिकवते मी. आधीच फरशीवर घेत नाही, माणूस घाबरतं. कॉटवर गोधड्यांच्या चार घड्या रचल्या, त्यावरून उठायचं, जमलं की एक घडी काढायची. मग कॉट सोडून पाटांची चवड, एकेक पाट कमी करत. शेवटी फरशी, गुडघ्याखाली गोधडी: कुशीवर वळायचं, कोपर टेकायचं, मग तळहात, मग दोन्ही गुडघ्यांवर रांगत कॉटपर्यंत जायचं, कॉटवर हात, बरा पाय पुढं टेकवायचा, आणि जोर पायानं लावायचा, हातानं नाही. उताणं असताना सरळ बसायची धडपड केली की दम संपतो, कोपरं सोलतात, आजींचं तेच झालं होतं.

मुलगा म्हणाला, आता ह्या वयात काय ताकद येणार मॅडम. त्याला मी बोस्टनचा १९९० चा अभ्यास सांगितला, वृद्धाश्रमातले नव्वदीचे अशक्त लोक, ८ आठवडे पायाला वजन लावून व्यायाम, आणि मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तो गप्प झाला, पण पटलं असेल असं नाही. रात्रीचं जेवण चहा-टोस्टवर चाललेलं, त्या जागी हुलग्याचं माडगं नाहीतर मुगाची उसळ आणि भाकरी सुरू करायला लावली, व्यायाम करून पोटात डाळ-कडधान्य नसेल तर मांसपेशी कशातनं होणार?

पाचव्या आठवड्यात खुर्चीचे ९ झाले. काल फरशीवरनं उठल्या, कॉटला धरून, मी हात न लावता. उठल्यावर पहिलं काय म्हणाल्या तर "विळी काढ गं माळ्यावरची." सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी हो म्हटलं, आणि तो कागद काढून घेऊन आले.

रात्री जुन्या वह्या काढून बसले. खाली बसू नका असं सांगितलेली आणि पुन्हा बसा असं कधीच न सांगितलेली २३ नावं निघाली. आज सहा जणांना फोन झाले. गुडघा कसा आहे ते सगळ्यांनी सविस्तर सांगितलं, पण खाली शेवटचं कधी बसला होता असं विचारलं तर दोघांना ते आठवेचना.