टेरोडॅक्टिलमधला पी

टेरोडॅक्टिल, म्हणजे तो फार पूर्वीचा उडणारा सरीसृप, त्याच्या नावातल्या पी बद्दल तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. फोंड्याकडच्या शाळांत फॉसिलवर बोलायला जातो तेव्हा मुलांपेक्षा पालकच जास्त विचारतात, सर, टेरोडॅक्टिलच्या स्पेलिंगात पी कशाला, बोलायचाच नाही तर?

तर तो ग्रीकमधनं आलाय. पंखाला ग्रीकमध्ये प्टेरॉन म्हणतात, पी सकट, इंग्रजांना शब्दाच्या सुरुवातीला ते जमत नाही म्हणून गिळला. हेलिकॉप्टर म्हणताना मात्र नीट उच्चारतात की! तो शब्द हेली अधिक कॉप्टर नाहीच, हेलिको म्हणजे मळसूत्र आणि प्टेर म्हणजे पंख, म्हणजे दाबोळीला नेव्हीचं जे घरघरत जातं ते टेरोडॅक्टिलचं नावापुरतं नातेवाईक.

डॅक्टिल म्हणजे बोट, आणि खरी मजा तिथंच आहे. वटवाघळाच्या पंखाला चार बोटांचा आधार, टेरोडॅक्टिलच्या पंखाला एकाच, चौथ्या म्हणजे अनामिकेचा, ती इतकी लांब वाढलेली की अख्खा पडदा तिच्यावर ताणलेला, बाकीची तीन बोटं छोटी, नख्यांची, आणि करंगळी नाहीच.

पहिला सापळा बव्हेरियाच्या चुनखडीतला. त्यावर 1784 मध्ये लिहिलं कोलिनीनं, जो आधी फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरचा सेक्रेटरी होता आणि नंतर मॅनहाइमचा दरबारी संग्रह सांभाळायचा. त्याला वाटलं समुद्रातला प्राणी असावा. लोक हसतात त्याला, मला नाही पटत ते, कारण त्यानं चित्र इतकं चोख छापून घेतलं की पॅरिसच्या क्युव्हिए या प्राणिशास्त्रज्ञानं सापळा न बघता नुसत्या त्या चित्रावरनं 1801 मध्ये ओळखलं, हा उडणारा सरीसृप आहे म्हणून. नाव दिलं 1809 मध्ये.

आणि हो, डायनासोर नव्हे हं, त्यांचा चुलतभाऊ. टेरोसॉर हा अख्खा गट, टेरोडॅक्टिल त्यातला एक, तोही लहानसाच. टेक्सासचा क्वेट्झलकोॲटलस मात्र पंख पसरले की 10 मीटरच्या आसपास.

आपल्या चिरेखाणीत, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणीत, मिळेल का, हे पण विचारतात. नाही हो. गोव्याचा बहुतेक खडक 200 कोटी वर्षांहून जुना, टेरोसॉर आले साधारण 22 कोटी वर्षांपूर्वी आणि 6.6 कोटीला संपले, आणि चिरा तर खडक झिजून कुजून झालेला, त्यात हाड कुठलं टिकणार? भारतातच बघायचं तर प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात कोटा फॉर्मेशन म्हणून खडक आहेत, तिथं टेरोसॉरचे अवशेष मिळालेत.