एका वेळी एकच शब्द बदला

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आमच्या मराठीच्या बाईंच्या व्याकरणातल्या प्रयोगाच्या तासाची नोंद हवीच. प्रयोग म्हणजे वाक्यात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते, कर्माप्रमाणे बदलते की दोघांप्रमाणेही बदलत नाही, ते. त्या ज्या क्रमाने प्रयोग शिकवत, तो आजही वर्गात जसाच्या तसा वापरता येईल.

व्याख्या त्या सर्वांत शेवटी सांगत. आधी फळ्यावर वाक्य: ‘राजू आंबा खातो.’ पहिले काम क्रियापद शोधण्याचे. मग धातूला, म्हणजे क्रियापदाच्या मूळ रूपाला, ‘णारा’ लावून विचारायचे, खाणारा कोण? राजू, म्हणून तो कर्ता. काय खातो? आंबा, ते कर्म. ही पायरी गाळली की पुढचे सगळे ढासळते, कारण मुले वाक्यातला पहिला शब्दच कर्ता धरतात. ‘मला दूध आवडते’ यात आवडणारे काय? दूध. ‘मला’ हा कर्ता नव्हे. ‘त्याला थंडी वाजते’ हेही तसेच.

मग शब्दांची अदलाबदल. राजूच्या जागी मीना आली की ‘खातो’चे ‘खाते’ होते. क्रियापद कर्त्यामागे गेले, म्हणून कर्तरी. ‘राजूने आंबा खाल्ला’ यात मीना आणली तरी ‘खाल्ला’च, पण आंब्याऐवजी चिंच आणली की ‘खाल्ली’. हा कर्मणी. ‘राजूने बैलाला बांधले’ यात मीना आणा, गाय आणा, ‘बांधले’ हलत नाही. हा भावे. बोलताना कोणी ‘गाईला बांधली’ म्हणाले, तर बाई ते चूक ठरवत नसत. हा संकर प्रयोग, म्हणजे दोन प्रयोगांची सरमिसळ, तो पुढे पाहू, असे सांगत.

एका वेळी एकच शब्द बदलायचा आणि त्याचे एक तर लिंग बदलायचे, नाही तर वचन. दोन्ही बदलले की फसगत ठरलेली. ‘चिंच खाल्ली’ आणि ‘केळी खाल्ली’ यांत क्रियापद सारखेच दिसते, पण एकीकडे स्त्रीलिंगी एकवचन आहे आणि दुसरीकडे नपुंसकलिंगी अनेकवचन. ‘आंबे खाल्ले’ आणि ‘केळे खाल्ले’ यांचेही तेच. क्रियापद बदलले नाही असे पाहून मूल भावे लिहून मोकळे होते.

सर्वांत चिवट चूक म्हणजे ‘ने’ दिसला की कर्मणी लिहिणे. बैलाच्या वाक्यात ‘ने’ आहे, तरी तो भावे. उलट ‘मी आंबा खाल्ला’ यात ‘ने’ दिसत नाही, तरी कर्मणी. ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ यांचे रूप तृतीयेत, म्हणजे ‘ने’च्या विभक्तीतही तेच राहते. शंका आली तर तिथे ‘राजू’ ठेवून पाहावे, ‘ने’ आपोआप उघडा पडतो. भूतकाळ आणि सकर्मक (कर्म घेणारे) क्रियापद म्हणजे कर्मणी, हे पाठांतरही अपुरेच. ‘तो वही विसरला’, ‘ती धडा शिकली’ ही वाक्ये कर्तरी आहेत.

तासाच्या शेवटी उलटा प्रश्न असे. फळ्यावर नुसते ‘पाहिले’ लिहून त्याची तीन वाक्ये करायला सांगत: कर्म नपुंसकलिंगी एकवचनी, कर्म पुल्लिंगी अनेकवचनी आणि तिसरे भावे. ‘त्याने घर पाहिले’, ‘त्याने डोंगर पाहिले’, ‘त्याने मुलीला पाहिले’. ज्याला तिसरे जमत नसे, त्याला कर्माला ‘ला’ लागल्यावर काय होते तेच समजलेले नसे. दुसऱ्या दिवशी बाई तिथूनच सुरुवात करत.