केनियातल्या इतेनमधला तिसरा आठवडा: तांबडी माती, उगाली आणि हळू धावायची शिकवणी

सोमवारी पहाटे सहाला कोपऱ्यावर जमलेली मंडळी इतक्या हळू निघाली, की मला वाटलं अजून कुणाची तरी वाट बघतायत. किलोमीटरला साडेसहा मिनिटं. यातल्या निम्म्यांनी हाफ मॅरेथॉन ६५ मिनिटांच्या आत मारलेली, आणि चाल रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या काकांची! विषुववृत्त हाकेच्या अंतरावर असल्याने बारा महिने सूर्य साडेसहालाच उगवतो. म्हणजे पहिली तीस मिनिटं अंधार, दहा-बारा अंश थंडी आणि पुढच्याच्या बुटांचा आवाज. उजाडता उजाडता वेग आपोआप वाढत गेला. शेवटचे तीन किलोमीटर मी चारच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला चार मिनिटांच्या वेगाने, पळत होतो, तरी सगळ्यांच्या मागेच होतो.

केनियातल्या या छोट्या गावात मी डिसेंबरमध्ये तीन आठवडे राहिलो. जानेवारीतल्या मुंबई फुल मॅरेथॉनची तयारी, हे निमित्त. उंची २४०० मीटर, म्हणजे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण पाऊणपट. कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास. हा फरक कागदावर कळतो, छातीला कळायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात मी घरच्याच पेसने धावायचा हट्ट धरला आणि चौथ्या दिवशी ताप, डोकेदुखी घेऊन खोलीत पडलो. त्यामुळे लिहिण्यासारखं जे आहे ते तिसऱ्या आठवड्याचंच. आठवड्याभराची सुट्टी काढून येणार असाल तर सरळ सांगतो, येऊ नका. शरीर जुळवून घ्यायला लागतं तेवढ्यात परतीचं विमान येतं. किमान तीन आठवडे हवेत, आणि पहिला पूर्ण आठवडा घड्याळातला पेस न बघता धावायचं.

मंगळवार ट्रॅकचा. मटाटूने, म्हणजे आपल्या वडापसारख्या खच्चून भरलेल्या व्हॅनने, केरिओ दरीच्या दिशेने खाली तांबाच गावी गेलो. ट्रॅक मातीचा, कडेला गवत, पलीकडे उतार. मी एक हजार मीटरचे आठ वेगवान टप्पे ठरवले होते, सहा केले. दोन टप्प्यांमध्ये दोन मिनिटांची विश्रांती इथे पुरत नाही, तीन घ्या. सिंथेटिक ट्रॅकही इतेनमध्ये आहे, त्याला पैसे पडतात.

बुधवारी सकाळ-संध्याकाळ हलकं धावणं आणि मधल्या वेळात झोप. इथले खेळाडू दुपारी खरोखर झोपतात. त्यांच्या सरावातला हा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो, कारण आपल्याला नऊला ऑफिस गाठायचं असतं.

जेवणाबद्दल घरून सगळ्यांनी घाबरवलं होतं. मी शाकाहारी. पण उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. तिच्यासोबत सुकुमा विकी, म्हणजे परतलेली हिरवी पालेभाजी. मका आणि घेवड्याच्या दाण्यांचं गिथेरी तर आपल्या उसळीचं भावंडच. चपातीला तिथेही ‘चपाती’च म्हणतात, फक्त ती आपल्यापेक्षा जाड आणि तेलकट. चहा दूध-साखर घालून उकळलेला, अगदी आपल्यासारखा. तिखट मात्र कशातच नाही, त्यामुळे चटणीची पुडी नेलीत तर दुवा द्याल. मुर्सिक म्हणजे आतून कोळशाची पूड लावलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात आंबवलेलं दूध. जिंकून आलेल्या धावपटूंना जवळच्या एल्डोरेट शहराच्या विमानतळावर हेच पाजतात. मी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर वाढलेला माणूस, मला आवडलं. पण शर्यतीच्या आठवड्यात पहिल्यांदा चाखायची ही वस्तू नव्हे.

गुरुवारचा फार्टलेक, म्हणजे जोरात-सावकाश असं आलटून पालटून धावणं, बघायला तरी इथे यावं. सकाळी नऊला कच्च्या रस्त्यावर शंभराहून जास्त धावपटू गोळा होतात. कुणीतरी मोठ्याने आकडे सांगतो. त्या दिवशी एक मिनिट जोरात, एक मिनिट सावकाश, असं पंचवीस वेळा होतं. नोंदणी नाही, फी नाही, ‘तू कोण’ असंही कुणी विचारत नाही. पन्नास-साठ घड्याळं एकदम वाजली आणि समोर धुळीचा पडदा उभा राहिला. पहिल्या फेरीत मी त्यांच्यासोबत होतो, दुसरीत शेपटाला आणि चौथीला एकटा. मागून बायकांचा घोळका आला. त्यातल्या एकीने ‘ट्वेंडे’, म्हणजे ‘चल’, म्हटलं आणि मी त्यांच्या मागे चिकटलो. अकराव्या फेरीपर्यंत टिकलो. पुढे चढण आली आणि त्याही दिसेनाशा झाल्या. आपल्या तालुक्याच्या शर्यतीत नंबर काढणाऱ्या माणसाला हे औषध वर्षातून एकदा तरी मिळायला हवं. पुढे उभं राहू नका, मागून सुरुवात करा, आणि गळालात तर रस्त्याच्या कडेने परत या. वाट चुकलीच तर शाळकरी पोरं सांगतात. तीच पोरं ‘मुहिंदी, मुहिंदी’ ओरडत दोनशे मीटर सोबत पळतात. मुहिंदी म्हणजे भारतीय. त्यात काही वावगं नसतं.

शुक्रवारी फक्त चाळीस मिनिटं.

शनिवारी लाँग रन, मोइबेनच्या रस्त्याने ३२ किलोमीटर. तांबडी माती आमच्या तालमीतल्यासारखी, कोरडी असताना गुडघ्यांना सुख. पाऊस पडला की तीच बुटांना अशी चिकटते, की पायाला वीट बांधल्यासारखं वाटतं. दोन जोड न्या, एक जुना आणि खोल खाचांचा. मंडळी फ्लुओरस्पारच्या चढणीचं आमंत्रण देतात. केरिओ दरीतून वर २१ किलोमीटर सलग चढ. मी हात जोडले. महिन्याभरावर शर्यत असताना पोटऱ्या तिथे खर्ची घालण्यात शहाणपण नाही.

मॅरेथॉन २ तास ३५ सेकंदांत धावणारा केल्विन किप्टम याच जिल्ह्यातला. फेब्रुवारी २०२४ मध्ये रात्री कापतागातजवळ मोटार अपघातात तो गेला. तिथल्या रस्त्यांचा विषय निघाला की लोक अजून त्याचं नाव घेतात. एल्डोरेटहून इतेन ३५ किलोमीटरच्या आसपास आहे, पण रात्रीचा प्रवास टाळा. उशिरा उतरलात तर मुक्काम एल्डोरेटलाच करा.

रविवारी गाव चर्चमध्ये असतं, धावताना जवळपास कुणी दिसत नाही. मी दरीच्या कड्यावर बसून कपडे वाळायची वाट बघितली.

मुंबईत २ तास ५४ मिनिटं लागली, आदल्या वर्षीपेक्षा चार मिनिटं कमी. पेडर रोडच्या चढावर पाय शाबूत होते. मारलं ते घामाने. इतेनच्या कोरड्या थंडीत दमट हवेची सवय सुटते, म्हणून शर्यतीच्या निदान दोन आठवडे आधी परता.

आता कामाचं. केनियासाठी ईटीए, म्हणजे प्रवासाचं इलेक्ट्रॉनिक परवानगीपत्र, ऑनलाइन आधीच काढावं लागतं. मुंबई-नैरोबी थेट विमान आहे, पुढे एल्डोरेटला छोटं. पैशांसाठी एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे द्यायची तिथली सेवा, चालू करून घ्या, भाजीवालीही तेच घेते. स्पर्धक असाल तर तिथल्या केमिस्टकडून साधी सर्दीची गोळीसुद्धा घटक तपासल्याशिवाय घेऊ नका. उत्तेजक चाचणीत ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. घरून औषधं नेणं उत्तम.

आणि यलो फीव्हरची लस. सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून तिकिटाआधी हे काम करा. परतताना मुंबईला लसीचं पिवळं कार्ड मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. माझं चेक-इन केलेल्या बॅगेत होतं. तुम्ही ते पासपोर्टला रबर लावून खिशात ठेवा.