“जरा उकिडवं बसून दाखवा”

11 जून 2023. संध्याकाळी उंब्रजजवळ महामार्गावर ह्यांच्या मोटारसायकलला मागून टेम्पोने उडवलं. उजव्या गुडघ्याखालच्या हाडाचा चुरा झाला, प्लेट टाकावी लागली. हे फरशी मिस्त्री, तेव्हा वय 38. मी ब्लाऊज शिवते, पण घर चालायचं ते ह्यांच्या कमाईवर.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी वॉर्डात एक अनोळखी माणूस आला. आमच्या अपघाताची त्याला सगळी माहिती. हातात वकीलपत्र. “वहिनी, आता एक रुपया द्यायचा नाही. क्लेम मिळाला की तेहतीस टक्के साहेबांचे. इथं सही करा.” बिल रोज वाढत होतं. दीर म्हणाले, करून टाका. मी पेन हातात घेतलंसुद्धा होतं. मग पाहिलं तर कागदावर वकिलाच्या नावाची जागा कोरी. साहेब कोण, विचारलं, तर म्हणाला, “ते नंतर भरू.” मी पेन परत दिलं. त्या दिवशी सही केली असती तर आमचं काय झालं असतं, हा विचार आजही मनातून जात नाही.

माझा मावसभाऊ दुसऱ्या तालुक्यात कोर्टात कारकून आहे. रात्री त्याला फोन केला. तो म्हणाला, “ताई, वकीलपत्रात तडजोड करायचा, पैसे उचलायचासुद्धा अधिकार लिहिलेला असू शकतो. कोऱ्यावर सही करायची नाही. आणि वकिलाने मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवायचा नाही, असा बार कौन्सिलचाच नियम आहे. गिऱ्हाईक धरायला माणसं पाठवणंही त्यात बसत नाही.” सगळ्यात महत्त्वाचं त्याने शेवटी सांगितलं. कायदा बदललाय, 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. मी कॅलेंडरवर 11 डिसेंबरला लाल गोल केला.

तरी वेळ गेलाच. प्लास्टर, मग वॉकर, मग व्यायाम. ऑक्टोबर उजाडला तेव्हा कुठे मी कराडमध्ये वकील शोधायला बाहेर पडले.

पहिल्या ठिकाणी खुर्चीत बसायच्या आतच “वीस लाख कुठे गेले नाहीत” असं ऐकायला मिळालं. माझ्या पिशवीतले कागद पिशवीतच होते. न बघता वीस लाख कसे, हे विचारायचं धाडस झालं नाही, पण पुन्हा तिकडे गेले नाही. दुसरे वकील वयस्कर होते. जमिनीचे दावे चालवणारे. त्यांनी सरळ सांगितलं, “बाई, मी हे काम करत नाही, तुमचं नुकसान होईल.” एका मॅडमचं नाव त्यांनीच दिलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मॅडमनी आधी कागद मागितले आणि आमच्यासमोरच पंचनामा वाचायला घेतला. टेम्पोवाल्याने जबाबात म्हटलं होतं की मोटारसायकलवाल्याने अचानक ब्रेक मारला. मॅडम म्हणाल्या, “विमा कंपनी हेच धरून बसणार. ह्यांचीही चूक ठरली तर तेवढी भरपाई कापली जाते. पण ह्यांची गाडी पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे पडलेली, हे पंचनाम्यात आहे. हे आपल्या कामाचं.” टेम्पोची पॉलिसी आणि चालकाचा परवाना यांच्या नकला लगेच काढायला सांगितल्या. चार महिने ते कागद माझ्या उशाशी होते, ती ओळ मला दिसली नव्हती.

मग त्यांनी ह्यांना विचारलं, “मिस्त्री, फरशी बसवताना कसं बसता? जरा उकिडवं बसून दाखवा.”

हे टेबल धरून खाली जायला लागले. गुडघा काटकोनापर्यंत आला आणि थांबला. चेहरा पांढरा पडला. मॅडम उठल्या, हाताला धरून त्यांना खुर्चीत बसवलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला तिथेच रडू आलं. इतके महिने सगळे पायाबद्दल विचारत होते. पाय गेला म्हणजे काम कसं गेलं, हे विचारणाऱ्या त्या पहिल्या.

त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा एक निकाल समजावून सांगितला. डावा हात गेला तर सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. म्हणून अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवरचे टक्के वेगळे आणि कमाईचं नुकसान वेगळं धरायचं. पुढे साताऱ्याच्या सिव्हिलमधून 28 टक्क्यांचं सर्टिफिकेट मिळालं, तेव्हा त्याचा अर्थ कळला. महिना 18,000 धरले तर वर्षाचे 2,16,000. 36 ते 40 वयाला 15 ने गुणतात, झाले 32,40,000. त्याचे 28 टक्के म्हणजे 9,07,200. काम साठ टक्के गेलं असं कोर्टाने मानलं तर 19,44,000.

पण 18,000 सिद्ध कसे करायचे? पगारपत्रक नाही, रिटर्न नाही. मॅडमनी विचारलं, कुठे लिहून ठेवता का? ह्यांची एक लांबट वही आहे, पानांना सिमेंट लागलेलं. कोणाचं घर, किती स्क्वेअर फूट, किती आले, किती बाकी. ती आणि बँकेचं पासबुक त्यांनी ठेवून घेतलं. दोन बंगलेवाले आणि एक ठेकेदार साक्षीला तयार झाले.

फी 30,000, तीन हप्त्यांत. लेटरहेडवर लिहून दिली, प्रत्येक वेळी पावती. वकीलपत्र आधी वाचून दाखवलं, मग सही. 20 नोव्हेंबरला दावा दाखल झाला.

2025 मध्ये लोकअदालतीत विमा कंपनी साडेआठ लाखांवर आली. मॅडमनी घ्या असंही म्हटलं नाही, सोडा असंही नाही. तिथे तडजोड झाली की पुढे अपील नाही, सोडली तर अजून किती वर्षं लागतील सांगता येत नाही, हे दोन्ही सांगून म्हणाल्या, घरी बसून ठरवा. रात्रभर झोप नाही. मुलीची दहावी, सोसायटीचे हप्ते. सकाळी हेच म्हणाले, “नको. माझं काम अठ्ठावीस टक्के गेलेलं नाही.”

नुसत्या सर्टिफिकेटवर भागत नाही, डॉक्टरांनी कोर्टात यावं लागतं. मॅडम दोनदा स्वतः त्यांना भेटून आल्या. गेल्या तारखेला डॉक्टर आले, आणि फरशी मिस्त्रीचं काम आता यांना जमणार नाही, असं शपथेवर म्हणाले. हे मागच्या बाकावर होते, पाय लांब करून. उलटतपासणी पुढच्या तारखेला आहे.